किल्ली आत जाते, फिरत नाही

धाकटी पलंगावर बसायला गेली आणि जमिनीवर बसली.

दिवेलागणीची वेळ होती. खोलीत अंधूक उजेड होता आणि दिवा लावायची तिला गरज वाटली नव्हती. अठ्ठावीस वर्षं पलंग त्याच भिंतीला होता, तिच्या पायांना तो पाठ होता. दिवसभर चष्म्याच्या दुकानात मागच्या टेबलाशी बसून काचा घासायच्या, फ्रेमच्या मुंगीएवढ्या स्क्रूंना पीळ द्यायचा, घरी आलं की आधी पलंगाच्या कडेवर टेकायचं आणि मग पायातले बूट काढायचे, असा तिचा शिरस्ता. त्या दिवशी कड जागेवर नव्हतीच. माकडहाडातून निघालेली कळ थेट डोळ्यांतून बाहेर आली.

भिंतीचा आधार घेत उठून तिने दिवा लावला. पलंग खिडकीखाली गेला होता. कपाट पलंगाच्या जागी आलं होतं. चादर इतकी ताठ होती की टिचकी मारली असती तर वाजली असती.

तिने ताईला फोन लावला. ताई जणू वाटच बघत होती.

"पाहिलंस का? कशी वाटतेय खोली? अगं, सकाळचं ऊन तुझ्या कपाटावर वाया जात होतं. तुझ्या शेजारणीला घेतलं हाताशी आणि दोघींनी सरकवला पलंग. माझी कंबर धरलीय, पण म्हटलं, धरू दे!"

"ताई, मी पडले."

"पडलीस? दिवा लावायचा की मग! विजेशी भांडण आहे का तुझं? आणि ऐक, गादी उलटी केलीय, चांगली झोडपून काढली. एका बाजूला केवढा खळगा पडला होता, म्हैस बसावी एवढा. आता बघ, हात फिरवून बघ."

धाकटीने हात फिरवला. गादी सपाट होती, पुसलेल्या पाटीसारखी कोरी.

"छान झालंय," ती म्हणाली.

फोन ठेवून ती कितीतरी वेळ त्या सपाट गादीकडे बघत राहिली. खळगा म्हैस बसावी एवढा नव्हता. एक माणूस उजव्या कुशीवर झोपावा एवढा होता. तो माणूस जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि तीन वर्षं धाकटी रोज रात्री त्या खळग्यात तळवा ठेवून झोपत होती. हे जगात कुणाला ठाऊक नव्हतं. चोपन्न वर्षांच्या बाईने हे कुणाला सांगायचं, आणि कुठल्या तोंडाने?

आता ताईबद्दल सांगायला हवं, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. धाकटीचा नवरा गेला तेव्हा धाकटी अंथरुणाला खिळली. दुखणं म्हणावं असं काही नव्हतं, नुसतं उठवत नव्हतं. तेव्हा ताई हातात पिशवी घेऊन आली, दारामागच्या खिळ्यावरची जादा किल्ली काढून तिने आपल्या पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "ही माझ्याकडे राहू दे." चार जिने चढून ती रोज येई. तोंडात घास भरवी, न्हाऊ घाली, आणि केस विंचरता विंचरता जागच्या जागी गाणं जुळवी:

*ऊठ गं बाई ऊठ, नको अशी रुसू,*
*केसांचं झालं घरटं, पाखरं लागली बसू.*

एका सकाळी त्या पाखरांना धाकटी हसली. त्या दिवसापासून ती उठली. कामावर गेली, पुन्हा काचा घासू लागली. म्हणजे ताईने तिला माघारी आणलं होतं, त्यात शंका नाही.

पण किल्ली ताईच्या पर्समध्येच राहिली. रोजचं येणं मंगळवार-शुक्रवारवर आलं, ते मात्र तिथेच थांबलं. धाकटी कामावर असताना ताई यायची आणि घर आवरायची. कप हलायचे, डबे हलायचे, खणातली पत्रं उभ्याची आडवी व्हायची. दर मंगळवारी-शुक्रवारी धाकटी आपल्याच घरात पाहुण्यासारखी चमचा शोधायची. बोलायचं ठरवलं की ओठांवर पाखरं येऊन बसायची आणि शब्द आतच राहायचे.

त्या शनिवारी मात्र ती किल्लीवाल्याकडे गेली.

पोस्टाच्या भिंतीला टेकून त्याची टपरी होती. छताला टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या वाऱ्यावर किणकिणायच्या. म्हातारा, शिडशिडीत, नाकाच्या टोकावर चष्मा. तो चष्मा धाकटीनेच एकदा सरळ करून दिला होता. दुपारी तो हत्यारांची पिशवी घेऊन घरी आला आणि दारासमोर मांडी घालून बसला.

"अख्खं कुलूप बदलायचं की नुसत्या पिना?"

"फरक काय, काका?"

त्याने लॅच उघडून त्यातला पितळी गाभा अंगठ्याने हळूच ढकलून काढला. एका डबीच्या झाकणात तांदळाच्या कणीएवढ्या पिना सांडल्या, आखूड-लांब, आखूड-लांब. धाकटी वाकून बघू लागली. बारीक वस्तूंशी तिचं जन्माचं नातं.

"ह्या पिना किल्लीच्या दात्यांवर उभ्या राहतात. सगळ्यांची डोकी एका ओळीत आली की गाभा फिरतो. मी पिना बदलतो, त्या मापाची नवी किल्ली करतो. कुलूप तेच राहतं."

"आणि जुनी किल्ली?"

"जुनी आत जाईल. सुरेख जाईल. फिरणार मात्र नाही."

धाकटीने जराशाने विचारलं, "बाहेरून कळेल?"

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "दार तेच, कुलूप तेच, भोक तेच. कळायचं काय त्यात?"

"मग पिनाच बदला."

"बदलतो. पण एक ध्यानात ठेवा बाई. नवं कुलूप घातलं की ते चकाकतं, येणारा समजून जातो. पिना बदलल्या की बाहेरच्याला कशाचाच पत्ता लागत नाही. जुनी किल्ली ज्याच्याकडे असेल त्याला आधी सांगून ठेवा. नाहीतर लोक इरेला पेटतात, किल्ली मोडते, तुकडा आत बसतो, आणि मग माझ्या नावाने खडे फोडतात. कितीजणांकडे आहे?"

"एकीकडेच."

"मग काय, एक फोन."

"हो," धाकटी म्हणाली. "एक फोन."

चिमट्याने एकेक पीन बसवत त्याने सहज विचारलं, "चोरीबिरी झाली का काही?"

"नाही, नाही. असंच. सुरक्षिततेसाठी."

शब्द तोंडातून निघाला आणि तिचे कान तापले. सुरक्षितता! कुणापासून? जिने घास भरवला तिच्यापासून? तिने चहा ठेवण्याचं निमित्त केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅसकडे बघत उभी राहिली. मागे कानस किल्लीवर फिरत होती, खर्र, खर्र, जणू तिचाच कुणीतरी किस पाडत होतं.

तो एक फोन शनिवारी झाला नाही. रविवारी ताईकडे पाहुणे असतील म्हणून झाला नाही. सोमवारी दुकानात धाकटी काच घासता घासता वाक्यं जुळवत राहिली. 'ताई, रागावू नकोस हं.' हे वाक्य सुरू व्हायच्या आधीच हरलेलं होतं. 'ताई, तुला आता चार जिने झेपत नाहीत.' हे खोटं होतं, ताईला सहा झेपले असते. जुळवता जुळवता तिने एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली. आठ वर्षांत असं घडलं नव्हतं. मालक म्हणाला, "बाई, तब्येत बरी नसेल तर उद्या घरी राहा."

ती राहिली. मनाशी पक्कं केलं की ताई येईल, दार आपण उघडू, समोर बसवू आणि तोंडावर सांगू. फोनपेक्षा ते बरं. मोठ्या बहिणीचा तेवढा मान आहे.

साडेअकराला जिन्यात पावलं वाजली. तिसऱ्या मजल्यावर ताई नेहमीसारखी थांबली आणि नेहमीसारखी पायऱ्यांशी बोलली, "केवढ्या गं बायांनो तुम्ही, संपतच नाही." मग शेवटचा जिना. पर्सची चेन. किल्ली आत गेली.

सुरेख गेली.

धाकटी खुर्चीतून उठून दारापाशी आली होती. हात कडीपासून वीतभर होता. पण हात तिथेच राहिला. नंतर तिने या क्षणाचा पुष्कळ विचार केला, आणि प्रत्येक वेळी तिला एवढंच आठवलं की कुणी धरलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. फक्त आता उघडलं तर 'किल्ली का लागत नाही' याचं उत्तर पहिल्याच वाक्यात द्यावं लागेल, आणि ते पहिलं वाक्य तिच्याकडे नव्हतं.

किल्ली डावीकडे हलली, उजवीकडे हलली. "अगं ए," ताई कुलपाला म्हणाली. किल्ली बाहेर निघाली, रुमालाने पुसली गेली, उलटी लागतेय का बघितली गेली, पुन्हा आत गेली. मग सगळं शांत झालं.

त्या शांततेतून एक बारीक आवाज आला. ताईचा तो आवाज धाकटीने कधी ऐकला नव्हता.

"चौथाच ना हा?"

आणि पावलं खाली निघाली.

त्या प्रश्नाने धाकटीला आई आठवली. आईचं असंच सुरू झालं होतं. एका दुपारी बाजाराची पिशवी घेऊन आई भलत्याच मजल्यावरच्या भलत्याच दाराला किल्ली लावत उभी होती, आणि आतल्या माणसांना सांगत होती की माझ्या घरात तुम्ही कोण. तिथून पुढे सहा वर्षं आई रोज थोडी थोडी निघून गेली, शेवटी लेकींची नावंही घेऊन गेली. ताईला जगात दुसऱ्या कशाची भीती नव्हती. पण चष्मा सापडला नाही तरी तिचा चेहरा उतरायचा, आणि ती हसत हसत विचारायची, "मी आईच्या वाटेने तर निघाले नाही ना गं?"

खालून आवाज येऊ लागला. ताई एकेक मजला मोठ्याने मोजत वर येत होती. शाळेतल्या मुलीसारखी. "एक." मग दम. "दोन." मग दम. तिसऱ्यावर आज पायऱ्यांशी बोलणं झालं नाही. "चार. चौथाच आहे."

धाकटीने दारातल्या बारक्या भिंगाला डोळा लावला. त्या भिंगातून माणूस वाटोळा, आखूड आणि दूरचा दिसतो. दूर, काचेच्या तळाशी, तिची थोरली बहीण तोंड उघडं टाकून दाराकडे बघत होती. दाराचा हिरवा रंग तिने बोटाने चाचपून पाहिला. मग ओठ घट्ट मिटले, दोन्ही हातांनी किल्ली धरली आणि सगळा जोर लावला. किल्ली वाकली.

समोरचं दार उघडलं. शेजारीण म्हणाली, "काय झालं हो? उघडत नाही का?"

ताईने किल्ली मुठीत लपवली. "छे छे! किल्लीच घरी विसरले बघा. येडीच आहे मी." आणि हसली. ते हसू धाकटीने भिंगातून पाहिलं. मग मूठ तशीच मिटलेली ठेवून ताई कठड्याला धरत खाली उतरली. धाकटी दाराला पाठ लावून खाली बसली. उघडायला आता हरकत नव्हती, जिना रिकामा होता.

संध्याकाळी तिनेच फोन केला. ताई ओरडेल, कुलपाला शिव्या देईल, मग आपण सांगून टाकू असं तिला वाटलं होतं.

"ताई, आज आली होतीस का?"

"नाही गं. आज गुडघा धरलाय. शुक्रवारीसुद्धा जमेलसं वाटत नाही."

"बरं," धाकटी म्हणाली. "काळजी घे."

अशा दोघी बहिणी एकमेकींशी खोटं बोलून झोपायला गेल्या.

शुक्रवार गेला, पुढचा मंगळवार गेला. कप ठेवला तिथे सापडू लागला. खणातली पत्रं उभीच राहिली. धाकटीने शेजारणीला न बोलावता एकटीने ढकलत ढकलत पलंग जुन्या भिंतीला नेला, गादी पुन्हा उलटली. कापूस झोडपून सारखा झाला होता. तळवा कुठे ठेवायचा ते हाताला सापडलं नाही. घर आता शेंडीपासून टाचेपर्यंत तिचं होतं, आणि त्या घरात तिला तोंड लपवायला जागा मिळत नव्हती. दार उघडताना ती नवी किल्ली पटकन फिरवी, कुणाच्या तरी डोळ्यांदेखत काही उचलावं तशी.

गुरुवारी कामावरून येताना किल्लीवाल्याने टपरीतून हाक मारली.

"बाई, जरा थांबा." त्याने कानस खाली ठेवली. "एक बाई आल्या होत्या माझ्याकडे. तुमच्यापेक्षा मोठ्या, नाक तुमचंच. वाकलेली किल्ली सरळ करून द्या म्हणाल्या. करून दिली. दुसऱ्या दिवशी परत आल्या. म्हणाल्या, दाते झिजलेत का बघा. मी पाहिलं. ते दाते मी ओळखणार नाही का? तुमच्या पिना काढताना तसलीच किल्ली माझ्या हातात होती."

धाकटी छताला टांगलेल्या किल्ल्यांकडे बघू लागली.

"कुणाचं दार कुणाला बंद आहे हे मी तिसऱ्याला सांगत नाही. तसं सांगायला लागलो तर टपरी बंद करावी. म्हणून म्हटलं, किल्ली ठीक आहे. तर त्या म्हणाल्या..." तो थांबला, नाकावरचा चष्मा काढून पुसू लागला. "म्हणाल्या, 'किल्ली ठीक आहे? मग मीच बिघडले म्हणायची.' हसत म्हणाल्या हो. पण किल्लीला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती. चौथा मजला, डावीकडे, हिरवं दार. लहान पोराच्या गळ्यात पत्ता अडकवावा तशी. मी तेहतीस वर्षं या धंद्यात आहे बाई. गप्प बसणं एवढं जड कधी गेलं नव्हतं."

"मी फोन करणार होते, काका."

"करणारच होता तुम्ही," तो म्हणाला. त्याने हे टोमण्यासारखं म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं. "एक जादा किल्ली काढून देऊ का? सोपं होईल. म्हणायचं, कुलूप बिघडलं होतं."

"नको." ती चार पावलं पुढे गेली आणि माघारी आली. "द्या. काढून द्या."

ताईच्या घरी ती गेली तेव्हा दार उघडंच होतं. तिच्या पर्समध्ये नवी किल्ली कागदात गुंडाळलेली होती. ताई स्वयंपाकघरातून घाईघाईने बाहेर आली. "अगं, तू? फोन न करता? ये, ये. बाहेरच बस, आत पसारा आहे."

ताईकडे पसारा? धाकटी आत गेली.

फळीवरच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. मीठ. साखर. चहा. गॅसच्या वर, भिंतीवर: 'बंद केला का?' दारापाशी: 'किल्ली. पर्स. चष्मा. आज वार कोणता?' अक्षर ताईचं, ठसठशीत, आज्ञा दिल्यासारखं. फक्त आज्ञा ती स्वतःलाच देत होती. ताई पुढे होऊन एका डब्यासमोर उभी राहिली, पण डबे बारा होते आणि ताई एक.

"काही नाही गं," ती म्हणाली. "सोय म्हणून. डोळे बरे नाहीत हल्ली. तुझ्याच दुकानात येऊन नंबर काढायचाय."

"ताई, कुलूप बदललंय."

"कुठलं?"

"माझ्या दाराचं. बिघडलं होतं, म्हणून. तुला सांगायचं राहून गेलं."

ताईने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर जे झालं ते धाकटी कधी विसरणार नव्हती. नऊ दिवसांचं ओझं कपाळावरून उतरलं, गालांवरून उतरलं, खांद्यावरून खाली गेलं. ती खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी गुडघे बडवत हसू लागली.

"अगं कार्टे! कुलूप बदललं! आणि मी... काय काय केलं मी, तुला सांगू का? जिने मोजले! डॉक्टरची वेळ घेतलीय, सोमवारची! म्हटलं, आता डोक्याचा फोटो काढतील आणि आत काहीच निघायचं नाही. कुलूप बदललं म्हणे!" डोळे पुसत तिने तळहात पुढे केला. "आण इकडे. दे नवी किल्ली. उद्या शुक्रवार आहे. पंधरा दिवसांत उकिरडा केला असशील घराचा."

तळहात हवेत होता. धाकटीची दोन बोटं पर्समधल्या कागदाला लागली. दिली की सुटलो. ताईचं डोकं ताईला परत मिळालंय, आपली लाजही झाकली गेली. द्यायची आणि उद्या संध्याकाळी घरी जाऊन चमचा शोधायचा. एवढंच तर आहे.

"नाही देणार," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"कुलूप बिघडलं नव्हतं, ताई. मीच बदलून घेतलं. तू येऊ नयेस म्हणून."

ताईचा तळहात तसाच राहिला. तो मागे घ्यायचं तिला सुचलं नाही.

"मी काही चोरलं का तुझं?"

"नाही."

"मग?"

"तू गादी उलटी केलीस."

"गादी?" ताईला खरंच काही समजेना. "अगं, खळगा पडला होता."

"त्या खळग्यात हे होते," धाकटी म्हणाली. आणि मग एकदाचं बोललीच, खाली बघत, तुटक तुटक, कुठे हात ठेवायची, किती दिवस, कसं. बोलताना तिला वाटत होतं आपण भर रस्त्यात उघड्या पडलो आहोत.

ताईने तळहात मागे घेतला. "मला काय स्वप्न पडणार होतं? बोलायचं होतंस."

"लाज वाटली."

"माझी?"

"माझी. तू माझ्यासाठी एवढं केलंस, आणि मला तू घरात नको होतीस. हे कुठल्या तोंडाने बोलायचं?"

ताई डब्यांकडे बघत राहिली. मग एकदम वळली. "त्या मंगळवारी तू कामावर होतीस ना?"

हा प्रश्न येणार हे धाकटीला दारातून आत येतानाच ठाऊक होतं. हो म्हणायला एवढीशी जीभ हलवायची होती.

"घरात होते. दाराच्या मागे."

"मी खाली जाऊन आले तेव्हा?"

"तेव्हाही."

"मोजत होते ते..."

"ऐकलं."

"आणि शेजारणीला मी सांगितलं ते? किल्ली विसरल्याचं?"

"बघत होते. भिंगातून."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"कशी दिसत होते?" ताईने विचारलं.

धाकटीला खोटं सुचलं नाही. "लहान," ती म्हणाली. "अगदी लहान दिसत होतीस."

ताईने मान हलवली. चार वेळा, हळूहळू, कुणाचा तरी हिशोब पटल्यासारखी. मग ती उठली, पर्समधून जुनी किल्ली काढली, दोरा दातांनी तोडून चिठ्ठी चुरगाळली आणि किल्ली टेबलावर धाकटीसमोर ठेवली. "ही घेऊन जा. माझ्या काही कामाची नाही."

"ताई, तू ये. मी घरी असेन तेव्हा. रविवारी ये."

"बघू," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, अजून नव्हता. राग उद्या येणार होता, परवा येणार होता, बहुतेक सगळ्या नात्यात फिरून येणार होता. आत्ता फक्त ती थकली होती. "बेल वाजवून यायचं ना आता?"

"हो," धाकटी म्हणाली.

एवढ्या आयुष्यात तिने ताईला इतकी सरळ उत्तरं त्याच दिवशी पहिल्यांदा दिली होती. त्याने तिला बरं वाटलं नाही.

ताई फळीकडे गेली. मिठाच्या डब्यावरची चिठ्ठी तिने नखाने खरवडायला सुरुवात केली. चिकटपट्टी पक्की होती. एक कोपरा सुटला, मग फाटला, कागदाचा अर्धा तुकडा पत्र्यालाच राहिला. ती तो पुन्हा खरवडू लागली. तिचं नख लहान होतं, पुरत नव्हतं.

धाकटी उठली. असल्या बारीक कामात तिचा हात बसलेला. तिने साखरेचा डबा पुढे ओढला.

"हात लावू नकोस," ताई मागे न बघता म्हणाली. "माझं घर आहे."

धाकटीने डबा जागेवर सरकवला. मग खुर्चीवर जाऊन, दोन्ही हात मांडीवर ठेवून, ताईचे अकरा डबे उरले होते ते सोलून होईपर्यंत ती बसून राहिली.